विहिरीतले कासव : पाणी हवेच, पण कोरडी जागाही हवी



शिवारफेरी किंवा शेतकरी मेळावा आटोपला, की पिकांव्यतिरिक्तचे प्रश्न निघतात. गेल्या दोन-तीन वर्षांत असा एक प्रश्न वारंवार विचारला जातो. "सर, विहिरीत कासव सोडलं तर चालते का?" किंवा "पोरानं शहरातून लहान कासव आणलं, पण ते खातच नाही, काय करावं?" हा प्रश्न कृषिविद्येच्या अभ्यासक्रमात बसत नाही, हे खरे. परंतु विहीर आपली, शेततळे आपले आणि नालाही आपल्याच धुऱ्याला लागून वाहणारा. म्हणून या विषयाची माहिती प्रस्तुत लेखात दिली आहे.

माझे बालपण वर्धा जिल्ह्यातील अल्लीपूर येथे गेले. यशोदा नदीच्या खोऱ्यातले, कपाशी-तुरीच्या काळ्या जमिनीचे हे गाव. आमच्या शेतातल्या दगडी बांधकामाच्या विहिरीत आजोबांनी नाल्यातून आणलेले एक कासव सोडले होते. "कासव असलं की पाणी नासत नाही आन् विहीर आटत नाही," असे ते म्हणत. आम्ही मुले कठड्यावरून वाकून ते शोधत असू. सुरुवातीला ते वरचेवर दिसे, पुढे क्वचितच दिसू लागले. दोन-तीन वर्षांनी उन्हाळ्यात विहीर उपसून गाळ काढायला घेतला, तेव्हा घमेल्यातून त्याचे रिकामे कवच वर आले. विहिरीत पाणी भरपूर होते, मग कासव मेले कसे, हे तेव्हा कोणाच्याच लक्षात आले नाही. आजही अनेक विहिरींत आणि घरच्या टबांत हेच घडते, म्हणून त्याचे कारण समजून घेणे आवश्यक आहे.

कासव हा मासा नव्हे

मासा कल्ल्यांनी पाण्यातला प्राणवायू घेतो. कासवाला मात्र फुप्फुसे असतात व श्वासासाठी त्याला डोके पाण्याबाहेर काढावे लागते. ते थंड रक्ताचे असल्यामुळे शरीराची ऊब बाहेरून, म्हणजे ऊन व तापलेला दगड यांपासून मिळवते. मादी अंडी पाण्यात घालीत नाही. काठावरच्या मऊ मातीत खड्डा करून त्यात अंडी घालते व खड्डा बुजवते. थोडक्यात, नाल्यातील कासव खाते व लपते पाण्यात, पण त्याची वीण जमिनीवर होते. दोहोंपैकी एक काढून घेतले तर ते जगत नाही. एवढी एक गोष्ट लक्षात ठेवली तरी पुढची सर्व माहिती सोपी होते.

आपल्या शिवारातील कासवे

आपल्या भागातील नाले, तळी व ओढ्यांत प्रामुख्याने आढळते ते मऊ पाठीचे कासव. शास्त्रीय नाव लिसेमिस पंक्टाटा. याच्या पाठीवर कठीण खवल्यांऐवजी कातडीचे आवरण असते. पोटाकडील मागच्या बाजूस दोन झडपा असतात व पाय आत ओढल्यावर त्या मिटतात. पूर्ण वाढलेल्या कासवाची लांबी साधारणतः २० ते ३० सें.मी. भरते. बेडूक, गोगलगायी, लहान मासे, किडे, मेलेले जीव व पाणवनस्पती असा त्याचा मिश्र आहार आहे. नाला आटला की ते ओल्या गाळात स्वतःला पुरून घेते व पावसाची वाट पाहते.

दुसरे, कठीण पाठीचे काळे कासव. तेही पाण्यात व काठावर राहते. तिसरे म्हणजे पाठीवर पिवळ्या चांदण्या असलेले चांदणी कासव. हे मात्र पूर्णपणे जमिनीवरचे असून गवत व पाला खाते. त्याला पोहता येत नाही. 'कासव म्हणजे पाणी' अशा समजुतीने काही लोक त्याला विहिरीत किंवा हौदात टाकतात आणि ते बुडून मरते.

येथे कायद्याची बाब स्पष्ट करणे आवश्यक आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या अनुसूची १ मध्ये मऊ पाठीच्या या कासवाचा समावेश आहे, म्हणजे त्याला वाघाइतकेच संरक्षण आहे. २०२२ च्या दुरुस्तीनंतर चांदणी कासवही याच अनुसूचीत आहे. असे कासव पकडणे, बाळगणे अथवा विकणे यासाठी ३ ते ७ वर्षे कैद व किमान २५ हजार रुपये दंड होऊ शकतो. 'विहिरीत सोडले, घरात ठेवले नाही' हा बचाव ठरत नाही. तेव्हा नाल्यातील कोणतेही कासव घरी किंवा विहिरीत आणू नये.

वीस नखांच्या कासवाने गुप्तधन सापडते, या अफवेपायीही अनेक कासवे पकडली जातात. आपल्या नाल्यातील मऊ पाठीच्या कासवाच्या प्रत्येक पायाला तीनच नखे असतात. चार पायांची मिळून बारा. उरलेली आठ नखे सांगणाऱ्याच्या डोक्यात असतात. अशा माणसाला दारात उभे करू नये.

बांधीव विहिरीत कासव का टिकत नाही?

१) बसायला जागा नसते. दगडी किंवा सिमेंटच्या उभ्या भिंतीवर कासवाला चढता येत नाही. सतत पोहून ते थकते.

२) ऊन पोचत नाही. तीस-चाळीस फूट खोल विहिरीत दुपारी थोडा वेळच ऊन येते. अंग कोरडे होत नाही, त्यामुळे कातडी व कवचावर बुरशी आणि जखमा वाढतात.

३) अन्न अपुरे पडते. सुरुवातीचे बेडूक व किडे संपले की उपासमार होते. कासव उपाशी राहूनही बरेच महिने तग धरते, त्यामुळे ते सुखात आहे असा आपला समज होतो.

४) मादीला अंडी घालायला माती मिळत नाही. अंडी पोटातच अडकून ती आजारी पडते किंवा मरते.

५) विहीर उपसताना किंवा जंतुनाशक टाकताना तिला पळायला वाट नसते.

पायऱ्यांच्या जुन्या विहिरीत किंवा कच्च्या काठाच्या डोहात कासवे वर्षानुवर्षे जगलेली दिसतात. याचे कारण तेथे चढून बसायला पायरी किंवा काठ असतो. बांधीव विहिरीत तोच नसतो.

कासवाने पाणी शुद्ध होते काय?

कासव पाण्यात पडलेले किडे व मेलेले बेडूक खाते, हे खरे. पण खाल्लेले शेवटी विष्ठेच्या रूपात त्याच पाण्यात येते. शिवाय निरोगी दिसणाऱ्या कासवाच्या आतड्यातही साल्मोनेला नावाचे जिवाणू असू शकतात. त्यांच्यामुळे माणसाला हगवण, उलट्या व ताप येतो. म्हणून पिण्याच्या पाण्याच्या विहिरीत कासव सोडणे म्हणजे शुद्धीऐवजी धोका वाढविणे होय.

पिण्याच्या पाण्यासाठी दर १००० लिटरला २.५ ग्रॅम चांगल्या प्रतीची ब्लीचिंग पावडर वापरावी. विहिरीतील पाणी मोजण्याची रीत सोपी आहे. विहिरीचा व्यास मीटरमध्ये घेऊन त्याचा वर्ग करावा, त्याला पाण्याच्या खोलीने व ०.७८५ ने गुणावे. येणारे उत्तर घनमीटरमध्ये असते. एक घनमीटर म्हणजे १००० लिटर.

उदाहरणार्थ, व्यास ४ मीटर व पाणी ३ मीटर असल्यास, ४ × ४ × ३ × ०.७८५ = ३७.६८ घनमीटर, म्हणजे सुमारे ३७,७०० लिटर. त्यासाठी साधारण ९५ ग्रॅम पावडर लागेल. पावडर बादलीत कालवून चुना खाली बसू द्यावा व वरचे निवळ पाणी विहिरीत सोडावे. अर्धा तास जाऊ दिल्यावरच पाणी वापरावे. मोजमाप न करता पावडरची अख्खी थैली ओतू नये.

विहिरीत कासव आधीपासूनच असेल किंवा पुरात वाहून पडले असेल तर वन विभागाच्या १९२६ या टोल-फ्री क्रमांकावर कळवावे. मदत येईपर्यंत एखादी जाड फळी दोन दोरांनी बांधून पाण्यावर तरंगती सोडावी. तिचे एक टोक पाण्यात बुडालेले राहील असे पाहावे, म्हणजे कासवाला चढून विसावता येईल.

शेततळे : सापळा की आसरा?

२०१६ साली 'मागेल त्याला शेततळे' ही योजना सुरू झाल्यानंतर आपल्या भागात शेततळ्यांची संख्या वाढली. कच्चे, मातीच्या उताराचे शेततळे कासवाला उत्तम आसरा देते. प्लास्टिक अस्तराच्या तळ्याची गोष्ट वेगळी आहे. त्याचा काठ इतका गुळगुळीत असतो, की पाणी प्यायला उतरलेले कासवच काय, कोल्हा, रानमांजर, कुत्रा किंवा माणूसही वर येऊ शकत नाही. यावर पुढील उपाय करावेत.

• तळ्याच्या समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांत नारळाच्या काथ्याची जाळी किंवा जुनी पोती शिवून केलेली २ ते ३ फूट रुंदीची पट्टी काठापासून तळापर्यंत सोडावी. वरचे टोक खुंटीला पक्के बांधावे व खालच्या टोकाला वाळूची पिशवी बांधावी. अस्तराला भोक पडणार नाही याची काळजी घ्यावी.

• माणसांसाठी गाठी मारलेला जाड दोर व हवा भरलेली ट्यूब कायम ठेवावी. कुंपण अवश्य करावे.

• कच्च्या तळ्याच्या किमान एका बाजूचा उतार सौम्य ठेवावा व तेथील काठावर चार-पाच फूट पट्टा न नांगरता गवताखाली राहू द्यावा. तेथे कासव ऊन घेते व अंडी घालते. या गवताने काठाची धूपही थांबते, हा आपला फायदा.

• फवारणी पंप व औषधाचे डबे तळ्यात किंवा नाल्यात धुऊ नयेत. सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातील कीटकनाशके माशांना अत्यल्प प्रमाणातही मारक असतात. मासे व किडे मेले की कासवाचे अन्न संपते. मेलेले मासे खाल्ले तर विष त्याच्याही पोटात जाते.

• उन्हाळ्यात नाला अथवा तलावातील गाळ काढताना विशेष लक्ष द्यावे. २०१७ मध्ये 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजना सुरू झाल्यापासून गाळ काढण्याचे काम मोठ्या यंत्रांनी होते. ओलसर गाळात पुरून घेतलेले कासव पोकलेनच्या बकेटमध्ये सहज येते. ट्रॅक्टर चालकास आधीच सांगून ठेवावे. कासव निघाल्यास लगेच वन विभागास कळवावे व तोवर ते ओल्या पोत्याखाली सावलीत ठेवावे. कोरड्या उन्हात सोडू नये.

घरी आणलेले विदेशी कासव

शहरातील शोभिवंत माशांच्या दुकानांत रुपयाच्या नाण्यापेक्षा थोडे मोठे, हिरवे, कानाजवळ लाल पट्टा असलेले पिल्लू विकले जाते. याला रेड इअर्ड स्लायडर म्हणतात. याचे मूळ अमेरिकेतील मिसिसिपी नदीच्या खोऱ्यातले. विकणारा वाडगाभर पाणी व डबाबंद दाणे एवढेच सांगतो. हे पिल्लू पुढे २५ ते ३० सें.मी. लांब होते व चांगल्या निगराणीत वीस-तीस वर्षे जगते, हे तो सांगत नाही. म्हणून पहिला सल्ला असा, की ते विकत घेऊच नये. ज्यांच्या घरी ते आधीच आले आहे, त्यांनी पुढीलप्रमाणे व्यवस्था करावी.

पाण्याचे प्रमाण : कवचाच्या प्रत्येक सेंटिमीटर लांबीला साधारण १५ लिटर पाणी धरावे. २० सें.मी.च्या कासवाला ३०० लिटर लागेल. पाण्याची खोली कवचाच्या लांबीच्या किमान दीडपट असावी, म्हणजे उलटे झाल्यास त्याला वळता येते. परसात सिमेंटचा हौद बांधायचा झाल्यास २ मीटर लांब, १ मीटर रुंद व ७५ सें.मी. खोल बांधावा. त्यात ४० सें.मी. पाणी भरल्यास ८०० लिटर होते. वर राहिलेल्या ३५ सें.मी. भिंतीमुळे कासव बाहेर पडत नाही. नव्या सिमेंटचा चुना पाण्यात उतरून सामू वाढतो. त्यामुळे दोन-तीन आठवडे हौद पुनःपुन्हा भरून रिकामा करावा, मगच वापरावा.

पाण्याची प्रत : कासवाच्या विष्ठेतून व उरलेल्या अन्नातून अमोनिया तयार होतो. आपण जमिनीत युरिया टाकतो तेव्हा जिवाणू अमोनियाचे नायट्राइट व नंतर नायट्रेट करतात. तीच क्रिया हौदात गाळणीतील खडी व स्पंजावर वाढलेल्या जिवाणूंमुळे होते. म्हणून गाळणी नळाच्या क्लोरीनयुक्त पाण्याने घासून धुऊ नये, हौदातीलच पाण्यात हलकेच खंगाळावी. दर आठवड्याला पाव ते एक-तृतीयांश पाणी बदलावे. गाळणी नसल्यास दोन-तीन दिवसांनी बदलावे लागते. सामू ७ ते ८ दरम्यान असावा. विम्लधर्मी व गरम पाण्यात अमोनिया अधिक घातक ठरतो, आणि आपल्याकडे विहिरीचे जड पाणी व कडक उन्हाळा दोन्ही आहेत. नळाचे पाणी एक दिवस उघडे ठेवून मग वापरावे. काढलेले पाणी फुलझाडांना किंवा फळझाडांना द्यावे. कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या पालेभाजीला देऊ नये.

कोरडी जागा व ऊन : हौदाच्या सुमारे एक-तृतीयांश भागात विटांचा अथवा सपाट दगडांचा ओटा करावा व पाण्यातून त्यावर चढण्यासाठी खडबडीत उतार द्यावा. ओट्यावर सकाळचे कोवळे ऊन थेट पडले पाहिजे. उन्हातील अतिनील किरणांमुळे शरीरात ड जीवनसत्त्व तयार होते व त्यामुळे कॅल्शियम हाडांत व कवचात बसते. हे किरण खिडकीच्या काचेतून आत येत नाहीत, हे ध्यानात ठेवावे. काचेच्या पेटीत ठेवलेल्या पिल्लाचे कवच मऊ पडते ते यामुळेच. घरातच ठेवणे भाग असल्यास अतिनील किरणांचा विशेष दिवा रोज १० ते १२ तास लागतो. साधा बल्ब ऊब देतो, हे किरण देत नाही.

आहार : लहान पिल्लास मांसाहार अधिक लागतो, वाढ झाल्यावर वनस्पती अधिक. गांडूळ, लहान मासे, झिंगे, गोगलगाय यांसोबत अझोला, गाजराचा पाला व लाल भोपळ्याचा कीस द्यावा. जनावरांसाठी अझोला करणाऱ्या शेतकऱ्यांकडे हे खाद्य फुकटच आहे. पालकात ऑक्झॅलेट जास्त असल्याने तो रोज देऊ नये. भात, पोळी, बिस्किट व दूध देऊ नये. अर्ध्या तासात खाईल एवढेच टाकून उरलेले काढून घ्यावे.

हंगामानुसार काळजी : पाण्याचे तापमान २४ ते २८ अंश सेल्सिअस चांगले. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो. उथळ टब उन्हात ठेवला तर त्यातील कासव काही तासांत मरते. मार्च ते जून हौदाच्या दोन-तृतीयांश भागावर ५० टक्के सावलीची शेडनेट बांधावी. डिसेंबर-जानेवारीत पाणी २० अंशांखाली गेले की भूक मंदावते, तेव्हा बळजबरीने अन्न टाकून पाणी नासवू नये. कावळा, मुंगूस व कुत्र्यापासून बचावासाठी वरून जाळी लावावी.

गेल्या पावसाळ्यात अल्लीपूरच्या एका शेतकरी भावाने मुलीचे कासव प्लास्टिकच्या टबात घालून आणले होते. दोन्ही डोळे सुजून मिटलेले. "पाणी रोज बदलतो सर, तरी असं." टबात चढायला एक वीटसुद्धा नव्हती आणि टब स्वयंपाकघरात ओट्याखाली होता. खाणे केवळ सुके झिंगे. अशा आहारात अ जीवनसत्त्वाच्या कमतरतेने डोळे सुजतात. मी त्यांना पशुवैद्यकांकडे पाठविले. उपचारासोबत आहार बदलला, विटांचा ओटा झाला, टब अंगणात आला. काही आठवड्यांनी डोळे उघडले. पाणी त्याला पहिल्या दिवसापासून मिळत होते. जे मिळत नव्हते ते पाण्याबाहेरचे होते.

घरच्यांचे आरोग्य

कासव किंवा त्याचे पाणी हाताळल्यावर साबणाने हात धुवावेत. टब स्वयंपाकाच्या मोरीत धुऊ नये. पाच वर्षांखालील मुले, गरोदर स्त्रिया व वृद्ध यांनी कासव हाताळू नये. अमेरिकेत लहान मुलांना साल्मोनेलाची लागण होऊ लागल्याने १९७५ मध्ये चार इंचांपेक्षा लहान कासवांच्या विक्रीवर बंदी घालावी लागली, यावरून या गोष्टीचे गांभीर्य ध्यानात यावे.

नाल्यात सोडू नका

कंटाळा आला किंवा कासव मोठे झाले, की 'बिचाऱ्याला मोकळे करू' म्हणून लोक ते नदी-नाल्यात सोडतात. हेतू चांगला, परिणाम वाईट. हे विदेशी कासव खादाड व काटक आहे. अन्न व ऊन घेण्याच्या जागा बळकावून ते स्थानिक कासवांना हुसकावते व रोगही पसरवते. जगातील शंभर सर्वांत उपद्रवी परकीय जातींच्या यादीत त्याचे नाव आहे. युरोपीय संघाने १९९७ मध्ये त्याची आयात बंद केली. गाजर गवत एकदा आले की काय होते, हे शेतकऱ्याला वेगळे सांगायला नको. सांभाळणे शक्य नसल्यास दुसऱ्या जबाबदार पाळणाऱ्यास द्यावे किंवा वन विभागाचा सल्ला घ्यावा.

सारांश

१) नाल्यातील कासव नाल्यातच राहू द्यावे, विहिरीत वा घरी आणू नये.

२) पिण्याच्या पाण्याची शुद्धी ब्लीचिंग पावडर मोजून टाकून करावी.

३) अस्तराच्या शेततळ्यात चढून येण्यासाठी दोन पट्ट्या सोडाव्यात. कच्च्या तळ्याचा एक काठ गवताखाली ठेवावा.

४) घरी विदेशी कासव असल्यास त्याला पुरेसे स्वच्छ पाणी, कोरडा ओटा व थेट ऊन ही तिन्ही द्यावीत, आणि त्याला कधीही नाल्यात सोडू नये.

आमच्या विहिरीला आता कठड्यावर लोखंडी जाळी आहे व पाणी ब्लीचिंगने शुद्ध होते. धुऱ्यालगतच्या नाल्याच्या काठाचा पाच फुटांचा पट्टा आम्ही नांगरत नाही. पावसाळ्यात सकाळी हळू पावलांनी गेले, तर तेथे एखादे कासव पाय पसरून ऊन घेताना दिसते. चाहूल लागताच ते पाण्यात उतरते.